वॉटरफ्लडनंतर उरलेलं तेल: मॉडेलमध्ये २८ घालायचे, २० की ४०?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं त्याला धरून राहील. वालुकाश्मातला तेलसाठा आहे, तेल ढकलायला पंचवीसेक वर्षं पाण्याचं इंजेक्शन (वॉटरफ्लड) चालू आहे, वॉटर कट, म्हणजे विहिरीतून येणाऱ्या द्रवातला पाण्याचा वाटा, ९० टक्क्यांच्या वर गेला आहे. कोअर फ्लडचा, म्हणजे खडकाच्या नमुन्यातून (कोअर) प्रयोगशाळेत पाणी सोडून केलेल्या चाचणीचा अहवाल अवशिष्ट तेल, म्हणजे पाणी मारूनही न निघणारं तेल, छिद्रांच्या जागेच्या २८ टक्के सांगतो. हिस्टरी मॅच जुळायला, म्हणजे साठ्याच्या संगणक मॉडेलनं आजवरचं उत्पादन बरोबर दाखवायला, २० टक्के घ्यावे लागतात. आणि जुन्या विहिरींच्या मध्ये घेतलेल्या नव्या (इनफिल) विहिरीच्या लॉगवर, म्हणजे विहिरीत उपकरण सोडून घेतलेल्या मोजमापात, पाणी स्पष्टपणे येऊन गेलेल्या थरातसुद्धा, तेल ४० टक्के दिसतंय. यातला खरा आकडा कोणता आणि मॉडेलमध्ये कोणता घालायचा?

तिन्ही आकडे एकाच वेळी बरोबर असू शकतात. अवशिष्ट तेल हा सच्छिद्रतेसारखा खडकाचा जन्मजात गुण आहे असं आपण धरून चालतो, तिथेच घोटाळा सुरू होतो. त्या जागेतून किती पाणी गेलं, सुरुवातीला तेल किती होतं, खडकाच्या पृष्ठभागाला पाणी जवळचं की तेल, या सगळ्यातून तो आकडा घडतो. म्हणून यातला खोटा कोणता हे शोधत बसण्याआधी प्रत्येक आकडा कशाचं माप आहे ते विचारा. सरासरी काढून २९ घालण्याचा मोह तर पहिल्यांदा सोडा. तो आकडा कशाचंच माप नसेल.

पाणी मारून झाल्यावर मागे राहणारं तेल तीन तऱ्हेचं असतं आणि बोलताना आपण ते एकाच शब्दात कोंबतो. पहिलं अडकलेलं: चहूबाजूंनी पाण्यानं वेढलेले थेंब आणि लांबट गोळे, एकमेकांपासून तुटलेले, जागचे न हलणारे. दुसरं रेंगाळणारं: अजून सलग आहे, वाहतंही आहे, पण पाण्याच्या तुलनेत इतकं हळू की विहिरीत त्याचा वाटा दोन-चार टक्केच उरतो. तिसरं अस्पर्श: पाणी तिथवर पोचलेलंच नाही. प्रयोगशाळा पहिल्याचं माप घेऊ पाहते. लॉगला तिन्हींची बेरीज दिसते. हिस्टरी मॅचला यातलं काहीच थेट दिसत नाही, त्याला दिसतं ते फक्त बाहेर आलेलं तेल.

रेंगाळणाऱ्या तेलाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, म्हणून त्याचा हिशेब आकड्यांत करून दाखवतो. समजा सुरुवातीला पाणी २० टक्के आणि तेल ८० टक्के. खरोखर अडकणारं तेल २० टक्के. तेलाची श्यानता (दाटपणा) ५ सेंटिपॉइज, पाण्याची ०.५. रिलेटिव्ह पर्मिॲबिलिटीच्या, म्हणजे तेल आणि पाणी एकत्र असताना प्रत्येकाला वाहायला किती वाट मिळते हे सांगणाऱ्या वक्रांचे, कोरी घातांक (वक्र किती वाकलेला ते सांगणारे) तेलासाठी ३ आणि पाण्यासाठी २, तेलाच्या वक्राची कमाल उंची १ आणि पाण्याच्या वक्राची ०.३. आता बकली आणि लेव्हरेट यांनी १९४२ साली मांडलेलं फ्रॅक्शनल फ्लोचं, म्हणजे वाहत्या द्रवातल्या पाण्याच्या वाट्याचं, गणित लावा आणि विचारा, उत्पादन विहिरीच्या तोंडाशी वॉटर कट ९८ टक्के होतो तेव्हा तिथल्या खडकात तेल किती असतं? सुमारे ३८ टक्के. वेल्ज यांच्या १९५२ सालच्या पद्धतीनं दोन विहिरींमधली सरासरी काढली तर जवळपास ३४ टक्के. आणि इथवर यायला त्या खडकाच्या छिद्रांच्या आकारमानाच्या २.४ पट पाणी त्यातून गेलेलं असतं. प्रत्यक्ष साठ्यातल्या बहुतेक थरांतून एवढं पाणी कधीच जात नाही.

म्हणजे धुतलेल्या थरात लॉगवर ४० दिसणं आणि त्याच खडकाचं अवशिष्ट तेल २० असणं यात काडीचाही विरोध नाही. हे गणित एकदा स्वतः स्प्रेडशीटमध्ये करून पाहा. नंतर फक्त तेलाचा घातांक बदला. २ घेतला तर ९८ टक्के वॉटर कटला विहिरीशी तेल ३२ टक्के येतं, ४ घेतला तर ४३. अवशिष्ट तेलाचा आकडा तिन्ही वेळा २० च आहे! वक्राचं टोक कुठे टेकतं (म्हणजे अवशिष्ट आकडा किती) यापेक्षा त्याचं शेपूट किती लांब आणि किती सपाट आहे, यावर साठ्याचं उरलेलं आयुष्य ठरतं. तरी आमच्या बैठकांमध्ये टोकावर तासभर वाद होतो आणि घातांक मात्र कुठल्यातरी जुन्या फायलीतून उचललेला असतो, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता अडकलेल्या तेलाकडे वळू. छिद्रं म्हणजे एकसारख्या नळ्या नव्हेत. रुंद पोकळ्या आणि त्यांना जोडणारे अरुंद गळे अशी ती रचना असते. खडकाला पाणी जवळचं असेल तर पाणी आधी कोपऱ्याकोपऱ्यांतून पातळ थरानं पुढे सरकतं, गळ्याशी तो थर फुगतो आणि तेलाचा धागा तिथे तुटतो. या तुटण्याची भौमितिक अट रूफ यांनी १९७० मध्ये मांडली होती. तुटलेला गोळा पुढच्या गळ्यातून ढकलायचा तर किती दाब लागेल? गळ्याची त्रिज्या ५ मायक्रॉन, पोकळीची २० मायक्रॉन, तेल-पाण्यातला पृष्ठताण मीटरला ३० मिलिन्यूटन धरला तर जवळपास ९,००० पास्कल. विहिरींपासून दूर, १०० मिलिडार्सी पारगम्यतेच्या (द्रव वाहू देण्याच्या क्षमतेच्या) खडकात, पाणी दिवसाला फूटभर सरकत असताना दाबाचा उतार मीटरला साधारण १५,००० पास्कल असतो. ऐकायला तो मोठा वाटतो, पण आपला गोळा जेमतेम ०.२ मिलिमीटर लांबीचा आहे. त्याच्या दोन टोकांमध्ये पडणारा फरक ३ पास्कल. लागतात नऊ हजार, मिळतात तीन. इंजेक्शनचा दर दुप्पट करून हे तेल सुटेल अशी आशा ठेवणाऱ्यांना मी हेच दोन आकडे दाखवतो. पृष्ठताण हजारो पटींनी खाली आणणारं सरफॅक्टंट इथे का लागतं, हेही यातूनच कळतं.

हे झालं पाणी जवळचं असलेल्या खडकाचं. प्रत्यक्षात कित्येक साठे मिश्र स्वभावाचे असतात. भूवैज्ञानिक काळात तेल ज्या मोठ्या पोकळ्यांमध्ये जाऊन बसलं, तिथल्या भिंती तेलाला जवळच्या झाल्या आणि बारीक छिद्रं पाण्याकडेच राहिली. सॅलाथिएल यांनी १९७३ मध्ये ईस्ट टेक्सस क्षेत्रातल्या फार कमी अवशिष्ट तेलाचं स्पष्टीकरण याच कल्पनेनं दिलं. अशा खडकात तेल भिंतींवरून पातळ पडद्यासारखं झिरपत राहतं, सलगपणा सहसा तुटत नाही आणि पाणी सोडत राहाल तसं तेल कमी होत जातं, अगदी हळूहळू. इथे 'अवशिष्ट' म्हणायला ठाम थांबाच नाही. दोन पट पाण्यानंतर एक आकडा, वीस पट पाण्यानंतर दुसरा, दोनशे पटीनंतर तिसरा. तिन्ही बरोबर, फक्त साठ्याला तिसरा कधी दिसणार नाही.

म्हणून तुमच्या २८ च्या अहवालाला विचारायचे प्रश्न असे. कोअर स्वच्छ केल्यावर साठ्यातल्याच तेलात, साठ्याच्या तापमानाला काही आठवडे मुरवला होता का? सॉल्व्हंटनं जोरदार धुतलेला कोअर बहुतेकदा पाण्याकडे झुकतो आणि तसाच चाचणीला लावला तर मिळणारा आकडा त्या धुण्याचा असतो, तुमच्या साठ्याचा नसतो. किती पट पाणी सोडून चाचणी थांबवली? थांबवताना तेल खरंच यायचं बंद झालं होतं, की मोजता येईनासं झालं होतं? आणि कोअरच्या बाहेरच्या टोकाचं काय? खडक तेलाकडे झुकलेला असेल तर त्या टोकाशी केशिका बलामुळे तेल धरून ठेवलं जातं. मग सरासरी सॅच्युरेशन (छिद्रांतला तेलाचा वाटा) फुगतं आणि अहवालात ते अवशिष्ट म्हणून छापलं जातं. चाचणी चालू असताना एक्स-रेनं कोअरच्या लांबीवरचं सॅच्युरेशन मोजलेलं असेल तर ही फुगवटी लगेच दिसते. मोजलेलं नसेल तर निदान शेवटी दर वाढवून पाहिला होता का ते बघा. दर वाढवल्यावर बरंच तेल निघालं असेल तर २८ मधला काही भाग टोकाशी अडलेला होता असा संशय घ्यायला जागा आहे.

माझी पसंती अशी: वक्राच्या मधल्या भागासाठी स्टेडी-स्टेट चाचणी (तेल-पाणी ठरावीक प्रमाणात एकत्र सोडून), शेपटासाठी सेंट्रिफ्यूज (कोअर वेगानं फिरवून), आणि दोन्हींचे निकाल एकाच सिम्युलेशनमध्ये, केशिका दाब धरून, एकत्र बसवायचे. कोअर फ्लडमधून हे वक्र काढण्याची जॉन्सन, बॉसलर आणि नॉमन यांची १९५९ सालची पद्धत अजूनही सर्रास वापरली जाते, पण ती केशिका दाब शून्य धरते. पाणी फुटून बाहेर आल्यानंतरचाच भाग तिच्यातून मिळतो, म्हणजे लहान कोअरमध्ये वक्राचा एक छोटासा तुकडा. त्या तुकड्याला रेघ लावून पुढे लांबवली की जो घातांक मिळतो, त्यावर कोट्यवधी बॅरलचा अंदाज उभा करणं मला कधीच पटलेलं नाही.

लॉगच्या ४० कडे येऊ. वर दाखवलं तसं, रेंगाळणाऱ्या तेलानं तो सहज येऊ शकतो. पण त्याआधी एक शंका फेडून घ्या, कारण इथे मी अनुभवी माणसांना फसताना पाहिलं आहे. लॉगवरच्या विद्युतरोधावरून पाणी किती ते काढणाऱ्या आर्ची यांच्या १९४२ सालच्या सूत्रात छिद्रांतल्या पाण्याचा विद्युतरोध घालावा लागतो. पंचवीस वर्षं पाणी सोडल्यावर त्या छिद्रांमध्ये मूळ पाणी राहिलेलं नसतं. सोडलेलं पाणी कमी खारं असेल तर मिश्रणाचा रोध वाढतो. समजा तो दुप्पट झाला आहे आणि लॉग सोडवणाऱ्यानं जुनाच आकडा घातला. खरं पाणी ८० टक्के असताना सूत्र सांगतं ५७. म्हणजे २० टक्के तेल असलेल्या थरात ४३ टक्के तेल 'दिसतं'. तुमच्या ४० शी हे किती जवळ आहे ते पाहा. सोडलेलं पाणी मूळ पाण्यापेक्षा जास्त खारं असेल तर चूक उलट्या दिशेनं होते आणि असलेलं तेल लपून जातं.

यावरचा उपाय आवाक्यातला आहे. त्या विहिरीनं सुरुवातीच्या दिवसांत दिलेल्या पाण्याचा नमुना तपासा, क्षारता मोजा, आणि मूळ पाणी व सोडलेलं पाणी कोणत्या प्रमाणात मिसळलं आहे ते काढा. विहिरीत एकापेक्षा जास्त थर उघडे असतील तर थरागणिक क्षारता वेगळी असू शकते, त्यामुळे एका नमुन्यावर विसंबू नका. शक्य असेल तर केसिंग झाल्यावर (विहिरीत पोलादी नळी बसवल्यावर) कार्बन आणि ऑक्सिजनच्या प्रमाणावरून तेल ओळखणारा कार्बन-ऑक्सिजन लॉग चालवा. त्याला पाण्याच्या खारेपणाशी जवळपास देणंघेणं नसतं. मात्र सच्छिद्रता कमी असेल तर त्याचं मोजमाप डळमळतं, हे लक्षात असू द्या.

तुमचा २०, म्हणजे हिस्टरी मॅचचा आकडा, मला तिघांत सगळ्यात कमी विश्वासाचा वाटतो. हिस्टरी मॅच दर आणि दाब जुळवतो, सॅच्युरेशन जुळवत नाही. उशिराच्या काळात मॉडेल तेल कमी देत असेल तर अवशिष्ट आकडा खाली ओढणं ही सगळ्यात सोपी कळ असते आणि ती दाबली की आलेख सुंदर जुळतो. पण तेल कमी येण्याची कारणं वेगळीच असू शकतात. पाणी पसरण्याचं चित्र चुकलं असेल, एखादा थर मॉडेलमध्ये नसलेल्या फटीतून पोसला जात असेल, किंवा नुसती ग्रिडच (साठ्याचे मॉडेलमध्ये पाडलेले कप्पे) जाड असेल. जाड ग्रिडमध्ये पाण्याची धारदार आघाडी गणितानंच विस्कटते, पाणी लवकर फुटल्यासारखं दिसतं, आणि मग आपण खडकाचे वक्र बदलून गणिताच्या चुकीची भरपाई करू लागतो. असे बदललेले वक्र वापरण्यात मुळात गैर काही नाही. काइट आणि बेरी यांनी १९७५ मध्ये जाड ग्रिडसाठी वक्र कसे काढावेत याची रीतसर पद्धतच दिली आहे. गैर हे की तडजोड म्हणून आलेला आकडा नंतर खडकाचा गुण म्हणून अहवालात जातो आणि पुढचा अभियंता तो सरफॅक्टंटच्या अंदाजात वापरतो.

मापाच्या आवाक्याचाही विचार करा. प्रयोगशाळेतला प्लग (कोअरचा छोटा तुकडा) साधारण ७० घनसेंटिमीटरचा. मॉडेलचा एक कप्पा १०० मीटर लांब, १०० मीटर रुंद, ५ मीटर जाड धरला तर त्याचं आकारमान प्लगच्या सुमारे सत्तर कोटी पट. त्या कप्प्यात धुतलेले पट्टे असतात आणि न धुतलेलेही असतात, आणि कप्प्याला एकच सॅच्युरेशन ठाऊक असतं.

यात मी स्वतः तोंडघशी पडलो आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. एका साठ्यात मॉडेलनं दोन जुन्या विहिरींच्या मध्ये उरलेल्या तेलाचा मोठा लाल डाग दाखवला. मॅच उत्तम होता. आम्ही तिथे विहीर घेतली. लॉगवर तेल खरोखर होतं, चांगलं होतं, पण विहीर पहिल्या महिन्यापासून जवळपास पाणीच देत राहिली. कोअर पुन्हा काढून पाहिला तेव्हा उलगडा झाला. पाच मीटरच्या कप्प्यात ३० सेंटिमीटरचा एक पट्टा ३,००० मिलिडार्सीचा होता आणि बाकीचा खडक १०० च्या आसपास. मॉडेल बनवताना आम्ही सरासरी काढली होती, २७४. सरासरी गणितानं बरोबर होती. पण ६ टक्के जाडीतून ६६ टक्के प्रवाह जातो, ही गोष्ट त्या सरासरीत पुसली गेली. प्रत्यक्षात पाणी त्या पट्ट्यातून कधीच पार झालं होतं. जुनी विहीर लवकर ओली झाल्याचं कारण आम्ही आधी वक्रांत शोधलं, आणि पुढे उशिराचं तेल कमी पडू लागलं तेव्हा अवशिष्ट आकडा खाली ओढला. पट्टा बंद केल्यावर काही महिने तेल आलं, मग शेजारच्या खडकातून वाट काढत पाणी परत आलं. त्या डागातलं तेल खोटं नव्हतं, पण ते अस्पर्श तेल होतं आणि मॉडेलनं ते धुतलेल्या खडकाच्या हिशेबात मांडलं होतं. तेव्हापासून ग्रिड जाड करताना मी प्रत्येक कप्प्याच्या सरासरीशेजारी आतल्या सगळ्यात वेगवान पट्ट्याची पारगम्यता लिहून ठेवायला लावतो.

हा फरक निर्णयाला कसा भिडतो ते एका साध्या भागाकारातून पाहता येतं. एकूण तेलापैकी ३५ टक्के निघालं आहे असं धरा, सुरुवातीचं तेल ८० टक्के. धुतलेल्या भागात अवशिष्ट २० च उरलं असं मानलं तर तिथलं पाऊण तेल निघालं, आणि मग पाणी साठ्याच्या फक्त ४७ टक्के भागात पोचलं असणार. धुतलेल्या भागातली सरासरी ३४ आहे असं मानलं, म्हणजे रेंगाळणारं तेल हिशेबात घेतलं, तर पाणी ६१ टक्के भागात पोचलं असणार. उत्पादन तेच, पण पहिलं चित्र सांगतं की अर्ध्याहून जास्त साठा कोरा आहे, विहिरी खोदा. दुसरं सांगतं की पाणी बऱ्याच ठिकाणी पोचलंय, पण तेल त्याच्यामागे रेंगाळतंय, तेव्हा पॉलिमरनं पाणी दाट करून पाहा. आणि २८ घेऊन बसलो तर सरफॅक्टंटवाले खूश होतील. कोणतं औषध द्यायचं ते तेलाच्या जातीवर ठरतं, म्हणून मी जातीबद्दल एवढा आग्रही आहे.

संक्रमण पट्ट्याची एक चूक जवळपास प्रत्येक नव्या मॉडेलमध्ये सापडते. या पट्ट्यात, म्हणजे तेल-पाणी सीमेच्या लगेच वरच्या भागात, सुरुवातीचं तेलच कमी असतं, समजा ३० टक्के. खडकाच्या त्या प्रकाराला सरसकट २८ अवशिष्ट दिलं की तिथलं हलू शकणारं तेल उरतं फक्त २ टक्के, आणि हा सगळा पट्टा मॉडेलमध्ये मृत होतो. पण सुरुवातीला कमी तेल असेल तर अडकतंही कमी. लँड यांनी १९६८ मध्ये अडकलेल्या वायूसाठी दिलेला संबंध, म्हणजे दोन सॅच्युरेशनच्या व्यस्तांमधला फरक स्थिर राहतो, पाणी जवळचं असलेल्या खडकात तेलालाही बऱ्यापैकी लागू पडतो. ८० टक्क्यांपासून २८ अडकत असेल तर ५० पासून सुमारे २३ अडकतात आणि ३० पासून १८. म्हणजे हलणारं तेल २ च्या जागी १२ टक्के. जाड संक्रमण पट्टा असलेल्या साठ्यात या एका दुरुस्तीनं हलत्या तेलाचा अंदाज चांगलाच बदलतो. सिम्युलेटरमध्ये हे कप्प्यागणिक वक्रांची टोकं बदलून किंवा हिस्टेरेसिसचं मॉडेल (सॅच्युरेशन वाढताना आणि घटताना वेगळे वक्र धरणारं) लावून करता येतं. किलो यांचं १९७६ सालचं आणि कार्लसन यांचं १९८१ सालचं, दोन्ही बहुतेक पॅकेजमध्ये तयार असतात. मिश्र स्वभावाच्या खडकात लँड यांच्या वक्रावर डोळे झाकून विसंबू नका. तिथे वेगवेगळ्या सुरुवातीच्या सॅच्युरेशनवर दोन-तीन चाचण्या करून संबंध स्वतः काढावा लागतो.

गुरुत्वाबद्दल थोडकंच सांगतो. पाणी तेलापेक्षा जड असतं, त्यामुळे थर जाड असेल आणि पारगम्यता खाली जास्त असेल, जसं नदीच्या वळणावर साचलेल्या वाळूत दिसतं, तर पाणी तळानं पळतं आणि वरचा भाग कोरा राहतो. पारगम्यता वर जास्त असेल तर वेगवान थरातून निघालेलं पाणी खाली उतरत जातं आणि धुलाई चांगली होते. उभ्या दिशेची पारगम्यता ठरवण्यात घाई केलीत तर हे चित्र उलटंही दिसू शकतं.

अडकलेलं तेल जागेवरच मोजायचं असेल तर एका विहिरीतली रासायनिक ट्रेसर चाचणी मला सगळ्यात प्रामाणिक वाटते. पाण्याबरोबर इथाइल ॲसिटेट आत सोडतात आणि विहीर काही दिवस बंद ठेवतात. त्यातला काही भाग पाण्याशी प्रक्रिया होऊन इथेनॉल बनतो. विहीर उघडली की इथेनॉल पाण्याबरोबर आधी परत येतं. ॲसिटेट मात्र वाटेतल्या तेलात मुरत-निघत उशिरा येतं. या दोघांच्या परतण्यातला फरक तेलाचं सॅच्युरेशन सांगतो, आणि तेही विहिरीभोवतीच्या काही मीटर खडकासाठी, प्लगपुरतं नाही. फक्त एक ध्यानात ठेवा. चाचणीचं पाणी ज्या थरात जातं त्याच थराचं माप मिळतं, आणि पाणी सगळ्यात वेगवान थरात जास्त जातं. त्यामुळे चाचणीचा आकडा सगळ्यात जास्त धुतलेल्या खडकाकडे झुकलेला असतो.

तुमच्या जागी मी असतो तर कामाचा क्रम असा ठेवला असता. सगळ्यात आधी इनफिल विहिरीच्या पाण्याची क्षारता आणि त्यावरून लॉगचा पुन्हा अर्थ, कारण हे आठवड्याभरात होतं आणि ४० चा आकडा खरा की आभासी ते ठरतं. मग प्रत्येक थरासाठी सोडलेलं पाणी भागिले छिद्रांचं आकारमान. ज्या थरात हे एकापेक्षा कमी आहे, तिथे अवशिष्ट आकड्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, तिथे रेंगाळणाऱ्या आणि अस्पर्श तेलाचंच राज्य आहे. मग कोअरचा कच्चा डेटा मागवा, नुसता अहवाल नको, आणि केशिका दाब धरून त्याचं सिम्युलेशन स्वतः करा. माझा अंदाज आहे की २८ खाली येईल आणि तेलाचा घातांक वर जाईल. त्यानंतर दोन विहिरींमधली एक पट्टी अगदी बारीक ग्रिडनं बांधा, उभ्या दिशेला ३० सेंटिमीटरच्या कप्प्यांनी, आणि तिच्यात खडकाचे खरे वक्र घाला. तीच पट्टी तुमच्या जाड ग्रिडनं बांधा आणि दोन्ही जुळण्यासाठी जाड ग्रिडला कोणते वक्र लागतात ते काढा. पूर्ण मॉडेलमध्ये तेच वापरा आणि फायलीत त्यांना 'ग्रिडचे वक्र' असं स्पष्ट नाव द्या.

हिस्टरी मॅच एकच ठेवू नका. अवशिष्ट तेल, घातांक आणि उभी पारगम्यता यांच्या वेगवेगळ्या जोड्यांनी इतिहास तितकाच चांगला जुळवणारी पाच-सहा तरी मॉडेल ठेवा. ज्या जागी ती सगळी तेल दाखवतात, तिथे पुढची विहीर घ्यायचा विचार करा. ज्या जागी एकच दाखवतं, तिथे आधी कार्बन-ऑक्सिजन लॉग किंवा ट्रेसर चाचणी, मग खोदकाम. क्षारतेचा निकाल आला की कळवा. मिश्रणाचं प्रमाण थरागणिक वेगळं निघालं तर तुमच्या ४० चा अर्थ पुन्हा लावावा लागेल, आणि तो कसा लावायचा ते प्रत्यक्ष आकडे समोर ठेवूनच सांगता येईल.